निर्दुग्ध आहाराचे व्रती : डोनाल्ड वॉटसन

आपल्या देशांत ‘शाकाहारी’ म्हटलें म्हणजे मांस, मासे व बहुधा अंडीं न खाणारा मनुष्य, असाच अर्थ कोणीही करील. दूध, दहीं, तूप हीं त्याच्या ताटांत असावयाचींच. किंबहुना तींच त्याच्या आहाराचें भूषण. श्राद्धाच्या खिरीपासून परीक्षेच्या निकालाच्या पेढ्यापर्यंत आपलें एकही पवित्र वा आनंदाचें कार्य दुधावांचून पार पडत नाहीं. अशा समाजास, एका मनुष्यानें मांसाबरोबर दूधही सोडलें, आणि तें प्रकृतीसाठीं नव्हे, मोक्षासाठीं नव्हे, तर केवळ गाईच्या व तिच्या वासराच्या विचारानें सोडलें, असें सांगितलें तर तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखांत अशाच एका मनुष्याची हकीकत द्यावयाची आहे. आपण दिवसांतून दोन-तीन वेळां सहजगत्या करीत असलेली एक क्रिया, म्हणजे खाणें, किती विचारपूर्वक करतां येतें आणि त्या विचारास किती किंमत मोजावी लागते, हें ह्या हकीकतींत स्वच्छ दिसतें. ह्या मार्गांत अडचण कोठें आली हेंही सांगणें अवश्य आहे. कारण अडचण आली, आणि ती लहान नव्हती.

दुग्धत्यागाची कल्पना अगदींच नवी होती असें मात्र नाहीं. सीरियांतील मअर्रा गांवचा अंध अरब कवि अबुल अला अल्-मअर्री (इ. स. ९७३–१०५७) ह्यानें मांसच नव्हे, तर दूध, अंडीं व मध हींही वर्ज्य केलीं होतीं. पवित्र शास्त्रांतील दानीएल व त्याचे तीन सोबती ह्यांनीं बाबेलच्या राजाचीं पक्वान्नें नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी ह्यांवर काढले, ही कथा आपल्या विद्यार्थ्यांस पाठच आहे. परंतु दानीएलाचा हेतु विटाळ टाळण्याचा होता, पशुदयेचा नव्हता. आणि त्याच्या कथेचा आधार घेणारे पुष्कळ शाकाहारवादी ही गोष्ट सोयीनें विसरतात. पौर्वात्य ख्रिस्ती मंडळ्यांत ईस्टरपूर्वींच्या उपासकाळीं मांसाबरोबर दूध व अंडींही न खाण्याची चाल आजही आहे. तेथेंही हेतु आत्मसंयमनाचा. इंग्लंडांत विल्यम काउहर्ड नांवाच्या धर्मोपदेशकानें १८०९ सालीं सॅल्फर्ड येथें ‘बायबल ख्रिश्चन’ मंडळी स्थापून तिच्या सभासदांस मांसत्यागाचा नियम घालून दिला. ह्या व अशा इतर प्रयत्नांतूनच १८४७ च्या सप्टेंबरांत रॅम्सगेट येथें ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली. ह्या संस्थेच्या सभासदांनीं मांस सोडलें, पण दूध, लोणी, चीज व अंडीं ठेवलीं. जवळजवळ शंभर वर्षें तो प्रघात तसाच चालला. मधूनमधून कोणी तरी शंका काढी, कीं दूध हें मांसाहून खरोखर निराळें आहे काय? थोडा वाद होई आणि मिटे.

हा वाद मिटूं न देणारा मनुष्य २ सप्टेंबर १९१० रोजीं यॉर्कशर परगण्यांतील मेक्सबरो येथें जन्मास आला. तो मुलूख कोळशाच्या खाणींचा. डोनाल्डचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. घरांत मांस नेहमींचेंच. लहानपणीं डोनाल्ड सुटींत एका शेतावर जाई. तेथें त्याची आजी राही, आणि अंकल जॉर्ज म्हणून त्याचे एक आप्त होते, ते शेती पाहत. वयाची नव्वदी उलटल्यावर, २००२ सालीं दिलेल्या एका मुलाखतींत, वॉटसन ह्यांनीं त्या शेताची आठवण सांगितली आहे. तेथील प्रत्येक प्राणी मनुष्यास कांहीं ना कांहीं ‘देतो’ असें त्या मुलास वाटे. घोडा नांगर ओढी, गाय दूध देई, कोंबडी अंडीं देई, कोंबडा पहाटे सर्वांस जागें करी. डुकरें काय देतात, हें मात्र त्यास उमगेना. तीं स्वभावानें मायाळू; मुलगा दिसतांच आनंदानें पुढें येत. मग तीं पाळलीं कशासाठीं?

एके दिवशीं तें कळलें. डुक्कर मारण्यास माणसें आलीं, आणि त्या जनावराच्या किंकाळ्या त्या मुलाच्या कानांत जन्मभर राहिल्या. त्याहूनही त्याच्या मनास लागलेली गोष्ट ही कीं, ज्या प्रेमळ आप्तास तो आदर्श मानीत होता, तोच तेथें उभा राहून सर्व व्यवस्था पाहत होता. शेत म्हणजे आनंदाचें घर ही त्याची समजूत त्या दिवशीं संपली. तेथील प्रत्येक प्राण्याचा दिवस ठरलेला आहे, आणि जोंवर त्याचा उपयोग आहे तोंवरच त्याला दाणावैरण मिळते, हें त्यास दिसून आलें.

असे देखावे पुष्कळ मुलें पाहतात. कांहीं रडतात, रात्रीं जेवत नाहींत, आणि आठवड्याभरांत सर्व विसरून जातात. ह्यांत मुलांचा दोष नाहीं. विसरल्यावांचून मोठें होतां येत नाहीं, असेंच आपण त्यांस शिकवितों. डोनाल्ड विसरला नाहीं. तरी त्यानें लगेच मांस सोडलें असेंही नाहीं. त्याच्या मनांत तो विचार कित्येक वर्षें मुरला, आणि १९२४ च्या नववर्षदिनीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, मांस खावयाचें नाहीं असा त्यानें नेम केला. नववर्षाचे नेम सहसा फेब्रुवारीपर्यंत टिकत नाहींत. हा एक्याऐंशी वर्षें टिकला.

चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि तो एका नातलगाच्या सुतारकामाच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागला. विसाव्या वर्षीं तो सुतारकामाचा शिक्षक झाला. पुढें लेस्टर शहरांत शिकवीत असतां तेथील शाकाहारी मंडळाचें चिटणीसपण त्याच्याकडे आलें. दारू व तंबाखू ह्यांपासूनही तो दूर राही. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां त्यानें सदसद्विवेकबुद्धीस स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला. जो मनुष्य डुकराची किंकाळी विसरला नाहीं तो बंदूक हातीं घेणार नाहीं, हें त्याच्या विचारसरणीस धरूनच होतें. परंतु विचारसरणी एकदां धरली म्हणजे ती आपल्याला सोयीच्या ठिकाणीं थांबत नाहीं. ती दुधाच्या पेल्यापर्यंत आली.

येथें थोडें थांबून तो विचार नीट समजून घेतला पाहिजे. गाय व्याल्यावांचून दूध देत नाहीं. दूध चालू राहावें तर ती वरचेवर गाभण राहिली पाहिजे. म्हणजे दर वेतास एक वासरूं आलेंच. त्यांतील सुमारें निम्मीं वासरें नर असणार. नांगराच्या देशांत नराचा बैल होतो. पण जेथें शेती यंत्रानें होते तेथें दुभत्या जातीच्या गोऱ्ह्याचा उपयोग काय? त्यास मांसासाठीं विकणें एवढाच. त्याच्या आईची गतिही तीच. दूध आटलें कीं तिच्या वैरणीचा खर्च कोणी सोसत नाहीं. म्हणजे दुधाचा धंदा व मांसाचा धंदा हे दोन धंदे नसून एकाच धंद्याचीं दोन दारें आहेत, आणि एका दारानें नाकारलेलें तो मनुष्य दुसऱ्या दारानें विकत घेतो. ‘आम्हीं मांस खात नाहीं’ असें म्हणून चीज खाणारा आपल्या मनाची फसवणूक करतो, असें वॉटसन ह्यांस दिसूं लागलें, आणि त्यांनीं दूधही बंद केलें. ह्यांत कोणतें शास्त्रवचन नाहीं कीं कोणता साक्षात्कार नाहीं. साधा हिशेब आहे. म्हणूनच तो टाळणें कठीण.

हा हिशेब त्यांनीं मांडला तो काळही लक्षांत घेण्यासारखा आहे. युद्धामुळें इंग्लंडांत अन्नाचें नियंत्रण होतें. मांस, लोणी, साखर, चहा सर्व मोजून मिळे. मांसाचा वांटा परत करणाऱ्या शाकाहारी लोकांस सरकार त्याऐवजीं चीज अधिक देई. म्हणजे शाकाहाऱ्याच्या तत्त्वास सरकारी मान्यता होती, आणि तिचें मोल चिजाच्या तुकड्यांत चुकतें होत होतें. अशा टंचाईंत हातीं येणारें चीज नाकारणें म्हणजे काय, हें रेशनच्या रांगेंत उभा राहिलेला मनुष्यच जाणे. वॉटसन व त्यांच्यासारखे थोडे लोक कोबी, बटाटे, गाजरें, कडधान्यें व पाव ह्यांवर राहिले.

१९४४ च्या ऑगस्टांत वॉटसन आणि एल्सी श्रिग्ली ह्यांनीं व्हेजिटेरियन सोसायटीस विनंती केली, कीं दूध न घेणाऱ्या सभासदांचा निराळा गट असावा व संस्थेच्या मासिकांत त्यांस थोडी जागा मिळावी. संस्थेनें नकार दिला. नकार कडवट नव्हता. मांसत्यागाचें मुख्य कार्य सोडून असल्या टोकाच्या मतांत शक्ति घालवूं नये, असें तिच्या चालकांस वाटलें. प्रत्येक सुधारणेच्या इतिहासांत हा प्रसंग येतो: कालचा सुधारक आजच्या सुधारकास ‘जरा थांबा’ म्हणतो. त्याच सालच्या नोव्हेंबरांत लंडनच्या होबर्न भागांतील ‘ॲटिक क्लब’ मध्यें वॉटसन धरून सहा जण जमले. त्या दिवसांत लंडनवर व्ही-२ अग्निबाण पडत होते. बाहेर माणसांचें जीवित इतकें स्वस्त झालेलें असतां आंत सहा माणसें गाईच्या वासराची चर्चा करीत बसलीं होतीं, हें कोणास हास्यास्पद वाटेल. मला तसें वाटत नाहीं. हिंसेची सवय जडण्याच्या काळींच तिचा हिशेब मांडण्याची गरज अधिक असते.

त्या सभेपुढील एक प्रश्न नांवाचा होता. ‘दूध न घेणारे शाकाहारी’ हें नांव लांबलचक व नकारात्मक. ‘डेअरीबॅन’, ‘व्हायटन’, ‘बेनेव्होर’ असे कित्येक शब्द सुचविले गेले. शेवटीं ‘व्हीगन’ हा ठरला. व्हेजिटेरियन ह्या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं तीन व शेवटचीं दोन अक्षरें घेऊन तो बनविलेला आहे. शाकाहाराची जेथें सुरुवात होते तेथून निघून त्याचा जेथें शेवट व्हावयास पाहिजे तेथें पोंचणें, असा त्यांतील भाव. व्हीगन सोसायटी स्थापन झाली, आणि ‘व्हीगन न्यूज’ ह्या त्रैमासिकाचा पहिला अंक त्याच नोव्हेंबरांत निघाला. मासिक म्हणावें तर तें टंकलिखित पानांचें पत्रक होतें. मजकूर लिहिणें, टंकणें, प्रती काढणें, पानें टांचणें, पत्ते घालणें हीं सर्व कामें शाळा सुटल्यावर वॉटसन स्वतः करीत. त्यामुळें वर्गणीदारांची संख्याही त्यांस मर्यादित ठेवावी लागली. पूर्वींच्या संस्कृति गुलामांच्या श्रमांवर उभ्या होत्या, तशीच आजची पशूंच्या पिळवणुकीवर उभी आहे, असें त्यांनीं पहिल्याच अंकांत प्रतिपादिलें. पुढें १९४९ मध्यें लेस्ली क्रॉस ह्या सभासदानें, आपल्या तत्त्वाची नेमकी व्याख्याच झालेली नाहीं, ही उणीव दाखवून दिली, आणि १९५१ सालीं संस्थेनें ती व्याख्या निश्चित केली. तिच्याप्रमाणें हा प्रश्न केवळ आहाराचा उरला नाहीं. कातडें, लोकर, रेशीम, मध, जेथें म्हणून प्राण्यास साधन समजून वापरलें जातें तेथें तो लागू झाला. ह्या संस्थेस पन्नास वर्षें झालीं त्या १९९४ सालापासून नोव्हेंबरची पहिली तारीख हा जागतिक व्हीगन दिन पाळला जातो.

येथपर्यंत तत्त्वाचा भाग झाला. पण मनुष्याचें शरीर तत्त्वावर चालत नाहीं, तें अन्नावर चालतें. आणि वॉटसन ह्यांच्या तीस वर्षें आधीं ह्याच वाटेनें निघालेल्या एका फार मोठ्या माणसास ह्याच ठिकाणीं ठेंच लागली होती. महात्मा गांधी ह्यांनीं दक्षिण आफ्रिकेंत टॉल्स्टॉय आश्रमावर असतांना १९१२ सालीं कॅलनबाख ह्या आपल्या मित्रासह दूध सोडलें. त्यास ब्रह्मचर्यविषयक कारण होतेंच, पण कलकत्त्याकडील गवळी गाईम्हशींचा कसा छळ करितात ह्याचें वर्णन त्यांच्या वाचनांत आलें होतें, तेंही एक प्रबळ कारण झालें. सुमारें सहा वर्षें फळें, सुकी मेवा, भुईमूग व धान्यें ह्यांवर त्यांनीं काढलीं. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत हिंडत असतां त्यांस आंवेचा विकार जडला व ते अगदीं मरणाच्या दारीं गेले. पुढें मुंबईंत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर दलाल ह्यांनीं स्पष्ट सांगितलें कीं दुधावांचून शरीर पुन्हां उभें राहणार नाहीं. गांधींनीं व्रताची अडचण सांगितली. तेव्हां शेजारीं असलेल्या कस्तुरबांनीं तोड काढली: व्रत घेतांना मनांत गाईम्हशीचें दूध होतें ना, मग शेळीच्या दुधास हरकत काय? गांधींनीं तें मान्य केलें. जगण्याची व कार्य करण्याची इच्छा सत्यनिष्ठेवर मात करून गेली, व्रताचें अक्षर राहिलें पण आत्मा गेला, अशी कबुली त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे, आणि दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी दाखवून द्यावा अशी त्यांची तळमळ शेवटपर्यंत होती. २० नोव्हेंबर १९३१ रोजीं लंडनच्या शाकाहारी मंडळापुढें त्यांचें भाषण झालें, त्यांतही त्यांनीं ही आपली अडचण झांकून ठेवली नाहीं. नुसत्या प्रकृतीसाठीं शाकाहारी झालेला मनुष्य टिकत नाहीं, त्यास नीतीचा पाया हवा, असें त्या भाषणाचें मुख्य प्रतिपादन होतें.

कस्तुरबांच्या युक्तीस कोणी हंसेल. परंतु नवरा डोळ्यांदेखत मरत असतां जी स्त्री व्रताच्या शब्दांतून वाट काढते तिचा विवेक कमी प्रतीचा कसा म्हणावा, हें मला तरी समजत नाहीं.

गांधींना ज्याची उणीव भासली तें नक्की काय होतें, हें त्यांच्या आजारावरून आज ठरवितां येणार नाहीं. त्यांचा विकार आंतड्यांचा होता, आणि अशक्तपणास उपासही कारण झाले असावेत. परंतु दूध-मांस सोडणाऱ्यास एक विशिष्ट धोका असतो, आणि तो कळण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंत फोकर्स व इंग्लंडांत लेस्टर स्मिथ ह्यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, प्राण्याच्या यकृतांतून एका जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक वेगळे केले. तेंच ब-१२ जीवनसत्त्व. पुढें त्याची रचना डोरोथी हॉजकिन ह्या विदुषीनें क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडली. म्हणजे लंडनमध्यें ते सहा जण जमले तेव्हां ह्या द्रव्याचें नांवही जगास ठाऊक नव्हतें!

हें द्रव्य कोणतीही वनस्पति तयार करीत नाहीं आणि कोणताही प्राणी तयार करीत नाहीं. तें कांहीं सूक्ष्म जंतूच करितात. गाईच्या पोटांतील जंतु, चाऱ्यांतून आलेल्या कोबाल्ट ह्या धातूच्या अंशापासून, तें बनवितात, आणि तेथून तें तिच्या दुधांत व मांसांत उतरतें. मनुष्यास तें दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमहूनही कमी लागतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. परंतु तेवढेंही न मिळालें तर रक्त फिकें पडतें आणि मज्जातंतू झिजूं लागतात. हातापायांस मुंग्या येतात, चाल अडखळते, स्मृति मंदावते. यकृतांत ह्याचा सांठा असतो, त्यामुळें दूध-मांस सोडल्यावर कित्येक वर्षें कांहींच होत नाहीं, आणि मनुष्य आपल्या आहाराची फुशारकी मिरवीत असतांच आंतून पोखरला जातो. १९५५ च्या सुमारास फ्रँक वोक्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं ब्रिटनमधील व्हीगन लोकांची तपासणी केली, तेव्हां त्यांतील कांहींत हीच उणीव आढळली.

ह्या जीवनसत्त्वाच्या एका भावंडाची कथा आपल्या मुंबईंत घडली आहे, ती येथें सांगण्याजोगी आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करूं लागल्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइट ह्या स्वस्त पदार्थानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, असें त्यांस आढळून आलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. फॉलिक आम्ल व ब-१२ ह्या दोहोंच्या अभावीं होणारा पंडुरोग दिसण्यांत सारखाच. पण एक द्रव्य पालेभाजींत भरपूर, तर दुसरें कोणत्याही पानांत नाहीं. ‘सृष्टीनें वनस्पतींत सर्व कांहीं ठेवलें आहे’ असें भाविकपणें म्हणणाऱ्यांनीं ह्या जोडीकडे पाहावें.

ह्यावरून वॉटसन ह्यांचें तत्त्व खोटें पडलें काय? मला तसें दिसत नाहीं. जें द्रव्य जंतु बनवितात तें मिळविण्यास गाय हवीच असें नाहीं. तेच जंतु मोठमोठ्या टांक्यांत वाढवून आज ब-१२ काढलें जातें. त्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि सोयाबीनच्या दुधांतही तें घालतात. दुधास पर्याय शोधण्याचें जें काम गांधींना हवें होतें तें लेस्ली क्रॉस ह्यांनीं मनावर घेतलें. त्यांनीं १९५६ मध्यें त्यासाठीं एक मंडळ काढलें, आणि १९६५ सालीं त्यांचें ‘प्लॅमिल’ नांवाचें सोयाबीनचें दूध विक्रीस आलें. व्हीगन सोसायटी आज आपल्या सभासदांस ब-१२ घेण्याविषयीं स्पष्ट बजावते. दयेनें प्रश्न उपस्थित केला आणि रसायनशाळेनें त्याचें उत्तर दिलें. दया एकटीच असती तर कांहीं माणसें पंगू झालीं असतीं. रसायनशाळा एकटीच असती तर वासराचा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

स्वतः वॉटसन ह्यांस ९५ वर्षांचें आयुष्य लाभलें. पुढें ते सरोवरांच्या प्रदेशांतील केसिक गांवीं राहावयास गेले, तेथें शिक्षकाचें काम केलें, डोंगर चढले, आणि मोठा भाजीचा मळा राखला. त्या मळ्यांत ते शेणखत घालीत नसत, पालापाचोळ्याचें खत करीत. आणि कुदळीफावड्याऐवजीं दांतांच्या कांट्यानें जमीन खणीत, कीं गांडुळें तुटूं नयेत. १६ नोव्हेंबर २००५ रोजीं ते वारले. त्यांच्या दीर्घायुष्याचा दाखला व्हीगन लोक वारंवार देतात. पण एका मनुष्याच्या ९५ वर्षांनीं शास्त्रांत कांहींच सिद्ध होत नाहीं, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. गांडुळांची गोष्ट मात्र कांहीं सिद्ध करण्यासाठीं नव्हती, म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांतील गरिबाचें जेवण पुष्कळ अंशीं निर्दुग्धच आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलें, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेंचा, अंबाडीची भाजी. कोंकणांत नारळाच्या दुधाची सोलकढी व नाचणीची भाकरी. ह्यांत गाईचा भाग कोठेंही नाहीं, आणि डाळ व धान्य ह्यांच्या जोडीनें शरीरास लागणारीं प्रथिनेंही मिळतात. सोडावें लागेल तें ताक, तूप, चहांतील दूध व सणाचें पक्वान्न. परंतु येथें एक भेद केला पाहिजे. ज्याला दूध परवडत नाहीं म्हणून मिळत नाहीं तो, आणि ज्यानें विचारानें सोडलें तो, ह्या दोघांचें ताट सारखें दिसलें तरी दुसऱ्यास आपल्या ताटांत काय नाहीं हें ठाऊक असतें. पुणें येथील के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधकांनीं आसपासच्या खेड्यांतील मातांची वर्षानुवर्षें तपासणी केली आहे. तींत बहुसंख्य मातांत ब-१२ कमी असल्याचें दिसून आलें. आणि ह्या माता व्हीगन नव्हत्या, थोडेंफार दूध घेणाऱ्या साध्या शेतकरी बाया होत्या. तेव्हां ‘आम्हीं दूध घेतों, आम्हांस काळजी नाहीं’ असें म्हणण्याचीही सोय राहिलेली नाहीं. वसतिगृहांतील ज्या मुलामुलींस हा आहार पत्करावयाचा असेल, त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि ती क्षुल्लक किमतीची गोळी ताटाचाच भाग समजावी. तेवढें करावयाची तयारी नसेल तर ह्या वाटेस जाऊं नये, असें मी स्पष्ट सांगेन.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इंग्लंडांतील दूध मोठ्या गोठ्यांतून येई. आपल्याकडील पुष्कळसें दूध अशा घरांतून येतें कीं जेथें एकच म्हैस आहे. तिच्या दुधाचे पैसे सकाळीं डेअरींत मिळतात आणि त्यांतूनच मुलाची वही व घरांतील तेलमीठ येतें. त्या दारींही रेडकास पोटभर दूध मिळत नाहीं, आणि तो नर असला तर तो जगावा म्हणून कोणी फारशी खटपट करीत नाहीं, हें खेड्यांत वाढलेल्या प्रत्येकास माहीत आहे. बोललें जात नाहीं एवढेंच. म्हणजे वॉटसन ह्यांचा हिशेब येथेंही तसाच उतरतो. परंतु हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस येथें गोठ्याचा धनवान मालक नसून, विधवा किंवा भूमिहीन अशी एखादी बाई असते. व्हीगन सोसायटीनें आपल्या व्याख्येंत, जेवढें शक्य व व्यवहार्य असेल तेवढें, अशा अर्थाची मर्यादा घातलेली आहे. शहरांत राहून दुकानांतून सोयाबीनचें दूध विकत घेणाऱ्यास ही मर्यादा फार दूरवर नेते, आणि त्यानें तेथपर्यंत जाण्यास कुरकुर करूं नये. त्या बाईच्या दारांत मात्र ती कोठें पडते, हें ठरविण्याचा अधिकार तिच्याकडून दूध घेणाऱ्यास आहे कीं तिला स्वतःला, आणि रेडकाच्या वतीनें त्या वेळीं कोणी बोलावयाचें, ह्यांचें उत्तर लंडनच्या त्या सहा जणांच्या पत्रकांत नाहीं.